काशीचं ऐकीव ऊन

माझ्या धाकट्या भावाचं लग्न हवामानावरून ठरलं.

लोक मुलाचं घराणं बघतात, शिक्षण बघतात, फारच चोखंदळ असले तर दात बघतात. नाशिकच्या तात्यासाहेब गोळ्यांनी ऊन बघितलं. त्याला कारण होतं. तात्यासाहेब सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली तीस वर्षं साखळ्या ओढून त्यांनी गावोगावच्या हद्दी आखल्या होत्या. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी मनू. त्यात एकदा देवळालीच्या रस्त्यावर टांगा उलटला आणि तात्यासाहेबांच्या पाठीचा कणा कायमचा रुसला. नाशिकच्या थंडीत तो जास्तच रुसायचा. वैद्यांनी सांगितलं, "दर हिवाळ्यात दोन महिने कोवळ्या उन्हाच्या गावी जाऊन राहा. आणि टांगा, दमणी, मोटार, काही म्हणजे काही नको. पायी जे होईल तेवढंच."

(आगगाडी चालत होती. ती रुळांवरून जाते, तिला खड्डे नसतात, असं तात्यासाहेबांचं म्हणणं होतं.)

आता दर हिवाळ्यात दोन महिने राहायचं कुणाकडे? तर जिथे मनू पडेल तिथे! म्हणून त्यांनी ठरवलं, जिथलं ऊन चांगलं आणि जिथे वाहनावाचून भागेल, तिथे मुलगी द्यायची. नागपूर, इंदूर आणि काशी अशी तीन स्थळं होती. प्रत्येक ठिकाणी आठ दिवस राहून मग निर्णय. तिन्ही मुलगे पदवीधर होते, त्यामुळे मुलांबद्दल विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

काशीचं स्थळ म्हणजे आमचा विसू. शाळेत ड्रॉइंग मास्तर. बावीस वर्षांचा, सरळ, आणि इतका खरं बोलणारा की आम्ही त्याला पाहुण्यांसमोर फार वेळ बसू देत नसू. मागच्या वैशाखात एका लग्नासाठी तो नाशिकला गेला होता. तिथे पंक्तीत मनूनं त्याला तीनदा मठ्ठा वाढला. परत आला तो अर्धा जेवायचा आणि मठ्ठ्याचं नाव काढलं की उठून गच्चीवर जायचा. माझी बायको यमुना म्हणाली, "अहो, भाऊजींचं काहीतरी करा. मुलगा वाळत चाललाय."

केलं. मीच केलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

मी पाठशाळेत ज्योतिष शिकवतो आणि पंचांगाचं गणित करतो. सूर्य कधी उगवणार आणि कधी मावळणार, हे मला पळाविपळांसकट ठाऊक असतं. तो दिसेल की नाही, हा प्रश्न आमच्या शास्त्रात येत नाही. मी तात्यासाहेबांना झोकात पत्र लिहिलं: "येथील हिवाळा सौम्य. ऊन कोवळे व मुबलक. वाहनाची गरज जन्मात पडत नाही. आमच्या दूधविनायकावरील घरापासून घाट अवघा दोनशे पावलांवर. पौषात यावे."

पौषात! पौषातली काशी ज्यानं पाहिली आहे, तो एव्हाना कपाळाला हात लावून बसला असेल. पण मी वैशाखात पत्र लिहीत होतो. अंगाची लाही होत होती आणि त्या घटकेला थंडी ही गोष्ट जगात आहे, यावर माझा विश्वासच नव्हता.

तात्यासाहेब आले त्या दिवशी धुकं असं होतं, की मी स्टेशनवर दुसऱ्याच एका गृहस्थांना नमस्कार करून त्यांची वळकटी उचलली. (ते बंगाली होते. त्यांनी आरडाओरडा केला तो वेगळ्या भाषेत, म्हणून मला चूक कळली.) टांगा वर्ज्य, म्हणून राजघाटापासून नाव केली होती. नावेत तात्यासाहेब दोन कोट, कानटोपी आणि मफलर घालून ताठ बसले आणि डोळे बारीक करून म्हणाले,

"शास्त्रीबुवा, गंगामाई कुठे आहे?"

"आपण तिच्यावरच बसलाय, तात्यासाहेब."

"असं होय," ते म्हणाले आणि कोटाच्या खिशातून एक वही काढून त्यात काहीतरी लिहिलं.

ती वही पुढे आठ दिवस माझ्या मानगुटीवर बसली. घाटावर उतरलो तसे तात्यासाहेब पुटपुटत चालू लागले. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. घरी पोचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "चारशे एकतीस."

"काय चारशे एकतीस?"

"पावलं. पत्रात दोनशे होती. मोजणी कुणी केली?"

"मीच केली," मी म्हटलं. (केली होती. पण उतरताना, आणि पायऱ्या सोडून. पायऱ्या म्हणजे पावलं नव्हेत, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.)

दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी धुकं. तात्यासाहेब सकाळी गच्चीवर जाऊन आरामखुर्चीत बसायचे आणि मी खाली जिन्यात उभा राहून देवाचा धावा करायचो. वरून हाक यायची, "शास्त्रीबुवा, आज सूर्योदय कधी?"

"सहा वाजून पन्नास मिनिटांनी झाला, तात्यासाहेब."

"नक्की झाला ना?"

"गणितात चूक नाही!"

"मग आता साडेनऊला तो कुठे आहे?"

मी आकाशाच्या एका पांढऱ्या भागाकडे बोट दाखवायचो. सगळीकडे पांढरंच होतं, तेव्हा चुकायचा प्रश्न नव्हता.

चौथ्या दिवशी तात्यासाहेबांच्या अंगावर त्यांचे दोन कोट होतेच, शिवाय माझी शाल, विसूचा स्वेटर आणि यमुनेच्या माहेरची रजई होती. आमच्या घरात आता घालायला काही उरलं नव्हतं. मी उपरण्यावर पाठशाळेत गेलो आणि विद्यार्थ्यांना वाटलं, गुरुजींनी काही व्रत धरलंय. त्यात वाळत घातलेलं धोतर वाळेना. सोवळ्याचं धोतर तीन दिवस ओलं! यमुना ते शेगडीवर धरून वाळवायची आणि धोतराला असा काही धुराचा वास लागायचा, की पूजेला बसल्यावर देवांऐवजी मलाच खोकला यायचा.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना खरं सांगून टाका. पौषात असंच असतं म्हणावं."

"आणि विसूचं काय? तो बघ."

विसू कोपऱ्यात बसून पाटीवर मठ्ठ्याच्या वाटीचं चित्र काढत होता.

सहाव्या दिवशी तात्यासाहेब पडवीत डुलकी घेत असताना ती वही उघडी पडलेली मला दिसली. डोकावू नये, हे मला कळतं. मी डोकावलो. तीन रकाने आखले होते. नागपूर: "ऊन उत्तम. अंतरे फार. टांगा अटळ." इंदूर: "ऊन बरे. पायी जमेल." आणि काशी: "वाहन नको, हे खरे. कारण गल्लीत बैल आला तर माणूसही मावत नाही. ऊन: ऐकीव."

ऐकीव! तीस वर्षं मी या सूर्याचं गणित मांडतोय आणि माझ्या गावचं ऊन ऐकीव! मला इतकं लागलं, की त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. (म्हणजे कमी जेवलो.) इंदूरचा मुलगा मनूला घेऊन जाणार, हे आता मला स्वच्छ दिसत होतं. विसूला मी काही सांगितलं नाही. पण तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दादा, नहीं होगा ना?" आणि मी पंचांगात डोकं खुपसलं.

सातवा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांची गाडी. आणि दुपारी बाराच्या सुमाराला चमत्कार झाला. गच्चीच्या कठड्यावर एक पिवळा डाग उमटला. मी ओरडलो, "ऊन! तात्यासाहेब, ऊन!" शेजारच्या गच्चीवरच्या बायकासुद्धा धावत बाहेर आल्या.

"घाटावर चला," मी म्हटलं. "तिथे भरपूर असेल."

पण तात्यासाहेबांना बाहेर काढणं म्हणजे काही थट्टा नव्हती. एकेक थर उतरवून, पुन्हा घडी करून, थोडे पुन्हा चढवून, चारशे एकतीस पावलं मोजत आम्ही घाटावर आलो तेव्हा दुपार कलली होती. आमचे घाट पूर्वेकडे तोंड करून बसलेले. सूर्य पाठीमागच्या उंच घरांआड गेला की इकडे सावली. ती आमच्या डोळ्यांदेखत पायरी पायरी खाली उतरत होती. आम्ही तिच्या पुढे पुढे सरकत गेलो आणि शेवटच्या पायरीवर येऊन थांबलो, कारण पुढे पाणी होतं.

"हं," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांचा हात वहीकडे गेला.

तेवढ्यात विसू ओरडला, "दादा, उस पार! पलीकडे बघ!"

पलीकडे, रामनगरच्या बाजूची वाळू लख्ख सोन्यासारखी चमकत होती. मैलभर वाळू आणि मैलभर ऊन! माझ्या डोक्यात एवढं शास्त्र भरलेलं, पण त्या क्षणी त्यातलं एक अक्षरही आठवलं नाही. मी आमच्या नावाड्याला, रामजतन मल्लाहाला, हाक मारली आणि विसूला घरी पिटाळलं. यमुनेनं त्याच्याबरोबर घाईघाईनं एका डब्यात संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या, तूप आणि दुसऱ्यात गरम चुडामटर, म्हणजे आमच्याकडचे मटार घातलेले पोहे, बांधून दिले आणि आमची नाव सुटली.

ती दुपार! काय वर्णन करू? वाळू कोमट, वारा नाही, ऊन पाठीवर हात फिरवल्यासारखं. तात्यासाहेबांनी कानटोपी काढली. मग मफलर. मग एक कोट, दुसरा कोट, सदरा. शेवटी सात दिवसांत पहिल्यांदा मला कळलं, की आतला माणूस बराच बारीक आहे. विसूनं मोहरीच्या तेलानं त्यांची पाठ रगडली. त्यानंतर ते पोळ्यांकडे वळले. एक, दोन, चार, सहा! वर ओंजळ ओंजळ चुडामटर.

"शास्त्रीबुवा," सातवी पोळी हातात घेऊन ते म्हणाले, "माझा कणा आज बोलतोय माझ्याशी. या उन्हाला तोड नाही. मी मानलं तुम्हाला."

"मी लिहिलंच होतं," मी नम्रपणे म्हटलं.

"ठरलं म्हणून समजा. मनूचं..."

विसूच्या चेहऱ्यावर असा काही आनंद फुटला, की त्याला काय बोलू आणि काय नको असं होऊन गेलं. आणि नको तेच बोलला.

"तात्यासाहेब, दर हिवाळ्यात आपण इकडेच येत जाऊ! आम्ही काशीकर सगळेच येतो, दिवसभर बसतो, खातोपितो. बस, यहाँ मरना नहीं चाहिए."

"म्हणजे?"

"अहो, काशीत मेलं तर मोक्ष. पण इस पार जो मरता है, तो पुढच्या जन्मी गाढव होतो. सगळ्यांना माहीत आहे."

मी विसूला चिमटा काढला, पण तो शब्द संपल्यावर.

तात्यासाहेबांची सातवी पोळी हातातच राहिली. "शास्त्रीबुवा, हे खरं?"

"तशी... तशी एक समजूत आहे खरी," मी म्हटलं.

"आणि तुम्ही मला, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, इथे आणलंत?"

"पण तात्यासाहेब, आपल्याला इथे मरायचं कुठे आहे? फक्त बसायचं आहे!"

"मरण काय विचारून येतं?" ते ओरडले. आणि ओरडताना त्यांचा हात छातीवर गेला. चेहरा पांढरा पडला. "इथे... इथे काहीतरी दाटलंय. शास्त्रीबुवा, मला बरं वाटत नाही."

सहा पोळ्या, पाव शेर तूप आणि मटार यांचा हिशेब तेव्हा मला सुचायला हवा होता. सुचला नाही. तेवढ्यात नावेत झोपलेला रामजतन उठून बोंबलला, "पंडितजी, कोहरा आवत हौ! जल्दी चला, नाहीं त हाथ के हाथ ना सूझी!" मी वळून पाहिलं. काशी दिसेनाशी होत होती. नदीवरून धुक्याची भिंत सरळ आमच्याकडे चालत येत होती.

विसूनं तात्यासाहेबांना अक्षरशः उचललं आणि नावेत निजवलं. त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, स्वतःचा कोट काढून त्यांच्या पायांवर घातला आणि तळवे चोळायला लागला. मी नावेच्या टोकाशी बसून शांत राहण्याचा प्रयत्न करत होतो. दहा वल्ह्यांतच दोन्ही काठ नाहीसे झाले.

"शास्त्रीबुवा," आवाज आला, "आपण कुठे आहोत?"

"मध्यावर, तात्यासाहेब."

"इथे प्राण गेला तर?"

"गंगेच्या प्रवाहात म्हणजे उत्तम गती!"

"पण मध्यरेषेच्या अलीकडे गेला तर वेगळं आणि पलीकडे गेला तर वेगळं, असं काही?"

"इतकं सूक्ष्म शास्त्रात..."

"सूक्ष्मच हवंय मला! जन्मभर हद्दी आखल्या मी! एका हाताच्या फरकानं लोक कोर्टात गेलेले पाहिलेत!"

मी डोळे मिटून एक वचन आठवण्याचा आव आणला आणि म्हटलं, की प्रवाह सगळा काशीच्याच बाजूचा धरतात. (असं कुठेही लिहिलेलं नाही. पण माणूस मरतोय आणि मी त्याला तळटीप देऊ?)

नाव खसकन वाळूत घुसली. "आली काशी!" मी ओरडलो आणि पहिली उडी मारली. (दोरी धरायला.) मागून विसू आणि रामजतन यांनी तात्यासाहेबांना उतरवलं. ते वाळूवर आडवे झाले, हात जोडले, आणि चेहरा काय शांत झाला म्हणता!

"आता हरकत नाही," ते म्हणाले. "आता खुशाल जातो. मनूला सांगा..."

आणि मी आजूबाजूला पाहिलं. पायऱ्या कुठेच नव्हत्या. काशीला पायऱ्या असतात! आमच्या पुढ्यात ओल्या वाळूत गुळाच्या पोळीचा एक तुकडा पडला होता. आम्ही एक मोठी गिरकी घेऊन होतो तिथेच परत आलो होतो.

रामजतननं जीभ चावली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि विसूच्या कानात म्हटलं, "गप्प बस. त्यांना काशी वाटतेय ना, वाटू दे. मनाला शांती मिळेल, बरंही वाटेल. आणि ते 'ठरलं' म्हणालेत, ते लक्षात आहे ना?"

विसूनं माझ्याकडे पाहिलं. मग तात्यासाहेबांकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माहीत होतं तो काय गमावायला निघालाय आणि त्यालाही माहीत होतं.

"तात्यासाहेब," तो म्हणाला, "ही काशी नाही. हीच ती वाळू आहे. आपण परत तिथेच आलोय. उठा."

आणि जणू साक्ष द्यायलाच, धुक्यातून एक गाढव बाहेर आलं. धोब्याचं असावं, पाठीवर रिकामं गाठोडं होतं. ते तात्यासाहेबांपाशी येऊन थांबलं. तात्यासाहेबांनी पडल्या पडल्या त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तात्यासाहेबांकडे पाहिलं.

मग अडुसष्ट वर्षांचा, रुसलेल्या कण्याचा, मरणोन्मुख माणूस जो उडी मारून उठला, तो थेट नावेत! "चलो!" तात्यासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा हिंदीत हुकूम दिला असावा. "शास्त्रीबुवा, तुम्ही बोलू नका. कुणीच बोलू नका. ऐका!"

आम्ही ऐकलं. दूर कुठेतरी सांजआरतीच्या घंटा वाजत होत्या. तात्यासाहेब टोकाशी ताठ बसले, हात पुढे धरला आणि सर्व्हे खात्याचा साहेब त्यांच्या अंगात आला. "आवाज डावीकडून येतोय. डावीकडे घे. सरळ. किती वल्ही झाली? बारा? जरा उजवीकडे. प्रवाह ओढतोय, वर चढव!" रामजतननं तोंडातून शब्द न काढता वल्ही मारली. मध्यावर कुठेतरी तात्यासाहेब एकदम थांबले, छातीवर हात ठेवला आणि त्यांनी ढेकर दिला. साधासुधा नव्हे. पलीकडून कुणीतरी "कौन है रे?" म्हणून ओरडलं, एवढा मोठा.

"दाटलेलं गेलं," ते विसूला म्हणाले. "पाय चोळायचं थांबवलंत तरी चालेल."

नाव पायरीवर आदळली. मी उडी मारली. (पुन्हा दोरी.) ही मात्र काशीच होती, पण वर चढव, वर चढव करता करता आम्ही आमच्या घाटाच्या खूपच वर, मुन्शी घाटाला लागलो होतो. तिथून घरापर्यंत तात्यासाहेब विसूच्या खांद्यावर हात ठेवून घाटाघाटानं चालत आले. पावलं मोजली नाहीत. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्थातच, आकाश कसं धुतल्यासारखं निळं! गच्चीभर ऊन. यमुनेचं वाळवण, विसूचा सुजलेला चेहरा आणि तात्यासाहेबांची वही, सगळ्यावर ऊन. मी घसा खाकरला.

"आजचं ऊन पाहिलंत, तात्यासाहेब?"

"पाहिलं. आठांत एक." त्यांनी वही मिटली. "शास्त्रीबुवा, सरळ बोलतो. तुमच्या गावची हवा मला पसंत नाही. तुमची पावलं चुकीची आहेत. तुमचं ऊन नदीच्या भलत्या काठावर पडतं."

मी मान खाली घातली. विसू उठून जिन्याकडे निघाला.

"अरे विसू, बस खाली," तात्यासाहेब म्हणाले. आठ दिवस ते त्याला 'अहो विश्वनाथराव' म्हणत होते. "नागपूरच्या मुलानं मला आठ दिवस सांगितलं, की तिथे टांगा हलत नाही. इंदूरच्यानं सांगितलं, की तिथे थंडी पडत नाही. काल मी मरतोय असं मला वाटत होतं, आणि खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं की मी इतका घाबरेन. तेव्हा मला गोड वाटेल ते सांगणं सोपं होतं. तुझ्या फायद्याचंही होतं. तू खरं सांगितलंस. माझी मनू मी तुला दिली. हिवाळ्याचं बघून घेऊ. येईन मी, धुक्यात बसेन."

विसूला रडू कोसळलं. तो तात्यासाहेबांच्या पायावर पडला तो उठेचना. मीही उपरण्यानं डोळे पुसले, हे कबूल करायला हरकत नाही. लाडका भाऊ तो माझा.

"आणि शास्त्रीबुवा," तात्यासाहेब माझ्याकडे वळले, "तुमची कुजबूज मला ऐकू आली होती. 'काशी वाटतेय तर वाटू दे' म्हणे! तुमच्या हातात असतं तर आज मी धोब्याकडे असतो. शिवाय दोन्ही वेळा नावेतून पहिली उडी कुणाची?"

"दोरी धरायला..."

"दोरी मल्लाहाच्या हातात होती. देवाची कृपा, तुमचं लग्न आधीच झालंय. माझी मुलगी तुम्हाला द्यायची असती, तर मी पहिल्याच फेरीत बाद केलं असतं."

मी मोठ्या आशेनं यमुनेकडे पाहिलं. बायको आहे, माझ्या बाजूनं दोन शब्द बोलेल! तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि सुस्कारा सोडून म्हणाली,

"माझ्या बाबांना हे नावेचं सुचलंच नाही हो, तात्यासाहेब. त्यांनी नुसत्या पत्रिका बघितल्या. बत्तीस गुण जुळले म्हणून खूश झाले."

ते गणितही मीच करून पाठवलं होतं.